सत्तर फुटांची लाइन

जानेवारीचं पाण्याचं बिल आलं तेव्हा मला वाटलं, शेजाऱ्यांचं चुकून आमच्या पेटीत पडलं. घरात माणसं चार. महिन्याला लागतात अठरा-एकोणीस युनिट, म्हणजे तितके हजार लिटर. बिलावर होते ३१. यांची बदली गडचिरोलीला, त्यामुळे असली प्रकरणं माझ्याच गळ्यात. सासूबाईंनी बिल चष्म्याजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाल्या, "अंगण धुवायला किती पाणी ओततेस तू?"

आमच्या नागपूरच्या गल्लीत पहाटे पाच ते आठ पाणी येतं. दुसऱ्या दिवशी पाचला उठले, मागच्या टाक्यात पडणाऱ्या नळाचा कॉक बंद केला, अंगणातला नळ बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन मीटरसमोर उकिडवी बसले. मीटरच्या काचेखाली एक चिमुकली लाल चक्री असते, थेंबभर पाणी गेलं तरी फिरते. सगळं बंद असून ती निवांत फिरत होती. पंचवीस मिनिटांत ६० लिटर. तीन तासांचे झाले ४३०च्या वर, महिन्याचे जवळजवळ तेरा हजार. अठरात तेरा मिळवा. बिल बरोबर होतं.

पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. बरेच दिवस नळाचं पहिलं दोन-तीन मिनिटांचं पाणी गढूळ येई आणि त्याला गटारीचा वास असे. पेंच धरणाचं असो की कन्हान नदीचं, पाणी तिकडून शुद्ध होऊनच निघतं. मग वास कुठला? गळती फक्त पाणी बाहेर सोडते असंच मी समजत होते. पण आठ वाजता पुरवठा थांबला की पाइप रिकामा होऊ लागतो, आत ओढ तयार होते, आणि ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर गेलं त्याच भोकातून भोवतालची ओल आत येते. शेजारनं कोणी थेट नळाला टुल्लू पंप लावला तर विचारूच नका. आमची लाइन जात होती संडासाच्या चेंबरपासून दोन हातांवरून. डिसेंबरात सासूबाईंचं पोट दोनदा बिघडलं होतं. त्याचं खापर मी लग्नातल्या पनीरवर फोडलं होतं.

चोवीस तास पाणी अजून यायचंय, पण त्या योजनेत गल्लीतल्या मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतचा तुकडा मागेच बदलून निळी एमडीपीई, म्हणजे प्लास्टिकची नळी टाकून झाली होती. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं. म्हणजे गेटपासून घराच्या कडेने मागच्या टाक्यापर्यंतची सत्तर फूट जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची लाइन आमची. ती मामंजींनी १९८६ साली घर बांधताना टाकलेली.

प्लंबर आला, चपलेनं जमीन दाबून पाहत गेला आणि पार्किंगजवळ थांबला. "मॅडम, अथीसा ओलं लागून राह्यलं. पण एक तुकडा बदलून काही होत नाही जी. आज इथं, उद्या तिथं."

हे मला पटलं, कारण तुकड्याचा अनुभव घेऊन झाला होता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाने मागच्या कोपऱ्यावर पांढऱ्या पीव्हीसीचा जोड लावून दिला होता. "पन्नास वर्षं बघायचं काम नाही," असं सांगून गेला. पहिल्याच मे महिन्यात तो बरोबर सोल्युशन लावलेल्या सांध्यात तडकला. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. आता वाटतं, निम्म्या शिव्या जमिनीच्या वाट्याच्या होत्या.

आमच्या प्लॉटवर वरची दोन फूट काळी माती आहे, तिच्याखाली पिवळा मुरूम. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मेमध्ये अंगणाच्या कच्च्या भागात अशा भेगा पडतात की मुलीची फूटपट्टी एकदा आत गेली ती गेलीच. आमचं लोखंडी गेट पावसाळ्यात घासतं आणि उन्हाळ्यात आपोआप सुटतं. दरवर्षी वेल्डर बोलवायचा विचार होतो, तोवर ऋतू बदलतो. खांबासकट गेट हलतं, तर त्याच मातीत झोपलेला पाइप कसा स्थिर राहील? ताठ पाइपला वाकता येत नाही, मग सगळा ताण सांध्यावर जातो.

पण हे इतकं सुसंगत मला नंतर कळलं. आधी सल्ले आले.

प्लंबरचं मत जीआय. "लोखंड ते लोखंड. सी क्लास घ्या, लाल पट्टावाला." जीआयमध्ये पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल जड. धाकटे दीर बांधकामाची कामं घेतात. ते म्हणाले, "वहिनी, सीपीव्हीसी टाका, आता सगळीकडे तेच टाकतात." इतवारीत लोहाओळीकडे गेले तर दुकानदाराने जाड पांढरा यूपीव्हीसी पाइप काउंटरवर आपटून दाखवला. तुटला नाही. त्यावरून काय सिद्ध झालं ते मला अजून समजलेलं नाही. मी काउंटरखाली गाडणार नव्हते.

घरी येऊन शाळेच्या वहीत लिहायला बसले. सीपीव्हीसीची खरी कमाई गरम पाण्यात. गीझरच्या लाइनला तो उत्तम. अंगणाखालून थंड पाणी न्यायला ते जास्तीचे पैसे कशाला? शिवाय तोही ताठ, दर तीन किंवा पाच मीटरला जोड. यूपीव्हीसी स्वस्त, गंजत नाही, पण सत्तर फुटांत तीन-चार जोड आणि कोपऱ्यांचे एल्बो वेगळे, सगळे सोल्युशनने चिकटवलेले, आणि त्या चिकटवण्याची गत मी पाहिलेली. पीव्हीसीत पूर्वी शिशाची संयुगं स्थिरीकरणासाठी घालत. आता २०२१च्या केंद्राच्या नियमांनी त्याला लगाम घातलाय, पण दुकानाच्या माळ्यावर कधीचा माल पडला असेल, देव जाणे. तांब्याचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्याच्यावर रात्री पहारा कोण देणार?" विषय संपला.

जीआयवर मात्र मन अडकलं होतं. मामंजींनी टाकलेला पाइप चांगला सदतीस-अडतीस वर्षं चालला, हे काही थोडं नाही.

तिढा सोडवला माझ्या मामेभावाने. तो काटोलचा, संत्र्याची बाग. फोनवर सगळं ऐकून म्हणाला, "ताई, काहून एवढा विचार करून राह्यली? काळी नळी टाक ना." पुढच्या रविवारी आला तो संत्र्यांच्या पोत्यासोबत एचडीपीई या प्लास्टिकच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन. त्याच्या विहिरीतल्या मोटारीची नळी, कित्येक वर्षं उन्हात पडलेली. मी गुडघ्यावर ठेवून वाकवली, सोडली, ती हळूहळू सरळ झाली. काळा रंग काजळीचा असतो आणि ऊन झेलायचं काम तीच करते. ही नळी गुंडाळीत येते, म्हणजे मीटरपासून टाक्यापर्यंत अख्खा एकच तुकडा. जमिनीखाली जोड शून्य.

हे ऐकल्यावर मी वही मिटली. मी इतके दिवस कोणता पाइप मजबूत ते शोधत होते. गळले होते ते सगळे सांधे.

मामेभावाने दोन ताकिदी दिल्या. काळी दिसते म्हणून कुठलीही नळी घ्यायची नाही. भंगार प्लास्टिक वितळवून केलेली स्वस्त नळीही काळीच असते, ती शेतातलं पाणी वाहायला ठीक, पिण्याला नाही. वास घेऊन पाहायचा, आणि अंगावर आयएस ४९८४ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेली, निळ्या रेघा असलेली नळीच घ्यायची. दुसरी ताकीद मापाची, आणि तिथे मी खरंच फसले असते. जीआयचं माप म्हणजे साधारण आतला बोगदा. एचडीपीईचं माप बाहेरून. २५ मिमीची काळी नळी म्हणजे एक इंची जीआय नव्हे. तिची भिंत २.३ मिमीची, दोन्ही बाजूंनी वजा करा, आत उरतात २०.४. म्हणजे ती पाऊण इंचीच्या जवळपास. एक इंची जीआयसारखं पाणी हवं तर ३२ची घ्यावी लागते. आमच्या जुन्या लाइनचं माप अर्धा इंची, मीटरही अर्धा इंची, तेव्हा २५ पुरेशी होती. दर्जा घेतला पीई १००, पीएन १६, म्हणजे सोळा किलो दाब झेलणारी. आमच्या नळाला दोन किलोचंही प्रेशर नसतं, मग सोळाची कशाला, असं दुकानदाराने विचारलं. पण तापलं की प्लास्टिक नरम पडतं आणि नागपूरचा मे त्याला माहीत असायला हवा. शिवाय जाड भिंत मातीच्या दाबालाही बरी.

आणखी एक अडचण मला इलेक्ट्रिशियनच्या दुकानात गप्पा मारता मारता कळली, योगायोगानंच. प्लास्टिकच्या नळीतून पेट्रोल, रॉकेलसारख्या गोष्टी हळूहळू आत झिरपतात. भोक लागत नाही, भिंतीतूनच. पार्किंगचा कोपरा म्हणजे दिरांचं जुनं स्कूटर-दवाखान्याचं ठिकाण. वर्षानुवर्षं तिथे कार्ब्युरेटर धुतले, ऑइल सांडलं, माती अजून काळीपेक्षा काळी. जुनी लाइन बरोबर त्याखालून. मग मार्गच बदलला. नवी लाइन घराच्या दुसऱ्या बाजूने, तुळशीच्या कठड्याला वळसा घालून. संडासाच्या चेंबरपासूनही लांब गेली. नियमाप्रमाणे पिण्याची आणि मैल्याची लाइन तीन मीटर दूर हवी. आमच्या प्लॉटवर एवढी जागा नाही, पण जिथे जवळ येतात तिथे पाण्याची नळी वरून आणि मैल्याची खालून, एवढं सांभाळलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन मजूर आले. टिकास, सब्बल, घमेली. फरशी फोडायचा आवाज ऐकवत नव्हता. मामंजींनी निवडलेली, हिरव्या-लाल चिपांची मोझेक फरशी. तीन फूट खोल चर घ्या म्हटलं तर म्हणाले, "बाई, एक फूट लय झालं." सासूबाई खुर्ची टाकून चराशेजारी बसल्या, मांडीवर कापडी टेप. खोली तीन फूट झाली.

नवीन नळी टाकण्याआधी जुनी लाइन घरात शिरते तिथे कापायची होती. प्लंबरने हॅक्सॉ लावला. पाइप कापला गेला आणि त्याने दोन्ही हात झटकत मागे उडी मारली. करवत खाली. तो तसाच बसून राहिला. मी विचारलं काय झालं, तर म्हणतो, "झटका बसला जी."

पाण्याच्या पाइपमध्ये करंट! मी मेन स्विच पाडला आणि इलेक्ट्रिशियनला फोन केला. त्याला शोधायला पाच मिनिटं लागली. स्वयंपाकघरात सिंकखाली, भिंतीतून निघणाऱ्या जीआय पाइपला एक उघडी तांब्याची तार चार वेढे गुंडाळलेली होती, वर रंगाचे थर. घराचं अर्थिंग. त्या काळी सर्रास असं करत. लोखंडी पाइप गेटपर्यंत जमिनीत गाडलेला, त्याच्याइतकं चांगलं अर्थिंग कोण देणार? फ्रिजमधून थोडा करंट गळत होता तो इतकी वर्षं त्या पाइपातून मुकाट जमिनीत जात होता. पाइप कापला, वाट तुटली, आणि दोन टोकांच्या मध्ये आले प्लंबरचे हात.

त्याला काही झालं नाही. चहा पिऊन तासाभराने कामाला लागला. माझ्या पोटातला गोळा संध्याकाळपर्यंत उतरला नाही. इतके लोक येऊन पाइपवर बोलून गेले, एकानेही हे विचारलं नव्हतं. मीही नाही. काळी नळी टाकून मेन स्विच वर केला असता तर अख्खं घर अर्थिंगविना, आणि फ्रिज उघडायला रात्री कोणीतरी अनवाणी गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचं काम थांबवून आधी अर्थिंगचा खड्डा केला. जीआयचाच पाइप, उभा गाडलेला, भोवती कोळसा आणि खडेमिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालायचं. बोर्डात गळका करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. फ्रिजची गळती दुरुस्त केली. हा खर्च माझ्या वहीत नव्हता.

कापलेल्या पाइपचा वीतभर तुकडा मी खिडकीत ठेवला होता. बाहेरून कुठे कुठे जस्ताची राखाडी चमक अजून शाबूत. पण जिथे आटे पाडले होते तिथे चुन्यासारखा भुसभुशीत गंज, नखाने खरवडला की निघे. आटे पाडताना जस्त निघून जातं आणि भिंतही पातळ होते, म्हणून लोखंड तिथूनच जातं. आत पाहिलं तर दातांवर कीटण चढावं तसे तपकिरी फोड, आणि मधून पेन्सिल कशीबशी जाईल एवढी वाट. मागच्या टाक्यात पडणारं पाणी गेली काही वर्षं का रडत येई, ते दिसलं. मुलगी म्हणाली, "आई, आपण हे पित होतो?"

काळ्या नळीची गुंडाळी आणली तर ती चरात सरळ बसेना. स्प्रिंगसारखी उसळे. तासभर उन्हात टाकल्यावर नरम आली. ती ताणून सरळ बसवायची नसते. या नळीला ऊन-थंडी फार लागते. दहा मीटर नळी वीस अंशांनी थंड झाली तर चार सेंटिमीटर आखडते. दुपारी ताणून बसवली आणि रात्री गार झाली, तर टोकं फिटिंगमधून सुटायला बघतील. म्हणून सापासारखी थोडी नागमोडी टाकली आणि माती दुसऱ्या दिवशी सकाळी, गारव्यात लोटली. खाली चार इंच कन्हानची रेती, वर तेवढीच. मजूर चरातून निघालेले दगड परत त्यातच लोटत होते, ते सासूबाईंनी पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटलं असेल असं वाटत नाही.

जोड दोनच, मीटरजवळ आणि टाक्याजवळ, दोन्ही झाकणाच्या छोट्या चेंबरमध्ये, हात घालून बघता येतील असे. प्लंबरला सवय जीआयची, त्याने कॉम्प्रेशन फिटिंगच्या नटाखालीही पांढरा टेप गुंडाळायला घेतला. तिथे टेप नको, आतली रबरी रिंगच पाणी अडवते. टेप फक्त आट्यांच्या बाजूला. नळीचं टोक सरळ कापायचं, कडा घासायची, साबणाचं पाणी लावून खूण केली तिथपर्यंत आत ढकलायचं. खूण बॉलपेनने मीच केली. पहिल्या वेळी टोक खुणेच्या अलीकडेच अडलं होतं, वरून कोणाला समजलं नसतं.

मग हातपंपाने दाब देऊन तपासणी. सहा किलो भरले, काटा हळूहळू खाली. प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, मी प्लंबरकडे. दोन्ही जोड कोरडे ठाक. काटोलला फोन. "नळी ताणली जाते गं पहिल्यांदा. परत भर." परत भरलं. अर्ध्या तासाने काटा तिथेच होता. ब्लीचिंगचं पाणी रात्रभर लाइनमध्ये ठेवून सकाळी पार वास जाईपर्यंत सोडून दिलं, आणि मगच टाक्याला जोडलं.

माती भरताना नळीसोबत एक तांब्याची तार टाकली, उद्या कोणाला यंत्राने लाइन शोधायची झाली तर प्लास्टिक सापडत नाही म्हणून. फूटभर वर निळी पट्टी. हिशेब केला तेव्हा नळीचा खर्च सगळ्यात कमी निघाला. जास्त गेला तो चराला आणि अर्थिंगला, आणि फरशीचं तर अजून व्हायचंच होतं.

मार्चचं बिल १८ युनिटांचं आलं. घराच्या आतल्या उभ्या लाइनी अजून जीआयच आहेत, त्या दिवाळीनंतर बघू.

ती हिरव्या-लाल चिपांची फरशी मात्र कुठेच मिळाली नाही. महालातली दोन जुनी दुकानं पालथी घातली, मानेवाड्याला एका टाइल कारखान्यात नमुना नेऊन दाखवला. "आता हे कोणी बनवत नाही मॅडम." शेवटी चरावर साधं सिमेंट ओतून घेतलं. गेटपासून तुळशीला वळसा घालून मागच्या टाक्यापर्यंत एक राखाडी पट्टा. आलंगेलं विचारतं, हे काय? मी रंगीत टाइल्सचं मनात घेत होते, पण सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तसंच. कोणाला खणायचं झालं तर कुठे खणू नये ते दिसेल."